दोन चलांतील समीकरणाचा आलेख: मुलीची रेषा मध्येच का वाकली?

विट्याहून एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी नववीत आहे. एका चलातील समीकरणे ती बिनचूक सोडवते आणि आलेख कागदावर बिंदू दाखवणेही तिला जमते. मात्र २क्ष + ३य = १२ या समीकरणाचा आलेख काढताना तिने क्षच्या किमती १, २, ३ अशा घेतल्या, तिला (१, ३), (२, ३) आणि (३, २) हे बिंदू मिळाले, ते तिने क्रमाने जोडले आणि रेषा मध्येच वाकली. रेषा सरळ यायला हवी, असे वर्गात सांगितले गेल्यावर तिने मधला बिंदू खोडून टाकला आणि उरलेल्या दोन बिंदूंतून पट्टीने रेषा ओढली. तिच्याकडून रोज दहा आलेख काढून घ्यावेत का, असे पालकांना जाणून घ्यायचे आहे.

मी सांगलीच्या परिसरातील एका माध्यमिक शाळेत २६ वर्षे गणित शिकवले आहे, आणि या मुलीसारखी वही मी दर वर्षी पाहिली आहे. (पुस्तकात ज्यांना एक्स आणि वाय म्हणतात, त्यांना मी येथे जुन्या पुस्तकांच्या रीतीने क्ष आणि य असे लिहिते आहे.) रोज दहा आलेखांचा उपाय मी सुचवणार नाही. मुलीला सराव कमी पडलेला नाही. सारणी करायची, बिंदू मांडायचे आणि जोडायचे, या तिन्ही कृती तिला येतात. त्या कृतींतून जी रेषा तयार होते ती कशाची आहे, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नाही. दुसऱ्या वेळी तिने काढलेली रेषा सरळ आहे, नेटकी आहे, आणि तरीही ती चुकीची आहे; कारण (१, ३) आणि (३, २) यांमधून जाणारी रेषा क्ष + २य = ७ या निराळ्याच समीकरणाची आहे. किमती घालून पाहा: १ + ६ = ७ आणि ३ + ४ = ७. म्हणजे तिने परिश्रमपूर्वक दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर काढले, आणि रेषा सरळ आल्यामुळे ती चूक कोणाच्या नजरेस आली नाही.

मुळात १, २, ३ या किमती घेतल्यावर यच्या किमती अनुक्रमे १०/३, ८/३ आणि २ येतात. अपूर्णांक आलेख कागदावर कसे दाखवायचे हे न कळल्याने तिने दोन्ही ठिकाणी ‘सुमारे ३’ असे धरले. ही चूक अपूर्णांकांची आहे असे वाटते, आणि काही अंशी ती तशी आहेही. परंतु रेषेवरचा प्रत्येक बिंदू समीकरणाचे एक पूर्ण खरे उत्तर असतो, हे जिला ठाऊक आहे ती मुलगी ‘सुमारे’ असे उत्तर लिहिताना थबकली असती.

या गोंधळाला पाठ्यक्रमाची रचनाही थोडी जबाबदार आहे, असे मला वाटते. राज्य मंडळाच्या नववीच्या ज्या पुस्तकांतून मी शिकवले, त्यांत दोन चलांतील रेषीय समीकरणे भाग १ मध्ये, म्हणजे बीजगणितात होती, तर निर्देशक भूमिती भाग २ मध्ये होती. पुष्कळ शाळांत या दोन भागांच्या वह्या वेगळ्या, तासिका वेगळ्या आणि कधीकधी शिक्षकही वेगळे असतात. मुले समीकरण एका वहीत सोडवतात, बिंदू दुसऱ्या वहीत मांडतात, आणि दहावीच्या पहिल्याच प्रकरणात आलेखाच्या साहाय्याने एकसामयिक समीकरणे सोडवण्याची वेळ आली की या दोन वह्या एकाच गोष्टीविषयी बोलत होत्या हे त्यांना प्रथमच सांगितले जाते.

पुढे काय करावे हे काही बाबींवर अवलंबून आहे, आणि त्या मला येथून दिसत नाहीत. ऋण संख्यांची वजाबाकी करताना मुलगी अडखळत असेल, म्हणजे १२ − २ × (−३) याचे उत्तर तिला कधी १८ तर कधी ६ येत असेल, तर आलेख चार दिवस बाजूला ठेवून आधी तेच पक्के करून घ्यावे. मागच्या बाकावरून फळ्यावरच्या फिकट चौकटी तिला दिसतात का, हेही एकदा विचारून पाहावे. आलेख चुकतात म्हणून आलेल्या दोन मुलांना मी डोळे तपासायला पाठवले होते आणि दोघांनाही चष्मा लागला. ती सेमी इंग्रजीत शिकत असेल तर तेथील संज्ञा आणि घरी तुम्ही वापरता त्या मराठी संज्ञा एकच आहेत, हे तिच्याशी बोलून घ्या. यांपैकी काहीच नसेल, तर खाली सांगितलेली पद्धत तिला उपयोगी पडेल असा माझा अनुभव आहे.

आलेख कागद काढण्याआधी एक बादली घ्या, खरी किंवा मनातली. बादलीत १२ लिटर पाणी मावते. एका नळातून मिनिटाला २ लिटर पाणी येते आणि दुसऱ्यातून मिनिटाला ३ लिटर. पहिला नळ क्ष मिनिटे सोडला आणि तो बंद करून दुसरा य मिनिटे सोडला, तर बादली काठोकाठ भरण्याची अट २क्ष + ३य = १२ अशीच लिहावी लागते. आता मुलीला विचारा, की फक्त पहिलाच नळ वापरला तर किती वेळ लागेल. ती ६ मिनिटे म्हणेल. फक्त दुसराच वापरला तर ४ मिनिटे. पहिला ३ मिनिटे वापरला तर ६ लिटर भरले, उरलेल्या ६ लिटरला दुसऱ्याची २ मिनिटे. एवढ्यानेच तिला (६, ०), (०, ४) आणि (३, २) हे तीन बिंदू मिळाले, आणि सारणी हा शब्द उच्चारावाही लागला नाही.

यानंतर तिच्या वहीतल्या बिंदूंकडे वळा. पहिला नळ १ मिनिट आणि दुसरा ३ मिनिटे सोडला, तर बादलीत २ + ९ म्हणजे ११ लिटर पाणी आले. बादली १ लिटरने अपुरी राहिली. पहिला २ मिनिटे आणि दुसरा ३ मिनिटे सोडला, तर ४ + ९ म्हणजे १३ लिटर झाले. १ लिटर पाणी सांडले. म्हणजे तिच्या दोन बिंदूंपैकी एक अपुऱ्या बादलीचा होता आणि दुसरा सांडलेल्या बादलीचा. खरी रेषा त्या दोहोंच्या मधून जाते. हे तिला स्वतः हिशेब करून कळू द्या, घाई करून सांगू नका. पहिल्या नळाच्या १ मिनिटानंतर १० लिटर उरतात आणि त्यांना दुसऱ्या नळाची १०/३ मिनिटे, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद लागतात. तो २० सेकंदांचा भाग ज्या अपूर्णांकात होता, तो तिने टाकून दिला आणि बादली भरली नाही. अपूर्णांक ‘सुमारे’ करून चालत नाही, हे शिक्षकांनी दहा वेळा सांगण्यापेक्षा ती १ लिटरची तूट अधिक नीट सांगते.

आता कागदावर ते तीन खरे बिंदू मांडून रेषा काढा, आणि मग रेषेबाहेरचे बिंदू मुद्दाम विचारा. (२, २) येथे बादलीत १० लिटर आहेत, म्हणून तो बिंदू रेषेच्या खाली, आरंभबिंदूच्या बाजूला आहे. (३, ३) येथे १५ लिटर होतात, म्हणून तो पलीकडे आहे. अशा आठ-दहा बिंदूंची चौकशी झाली की रेषा ही अपुरी बादली आणि सांडणारी बादली यांच्यामधली सीमा आहे, हे मुले आपणहून म्हणतात. रेषेवरचा प्रत्येक बिंदू समीकरण खरे करतो आणि रेषेबाहेरचा एकही करत नाही, या विधानाचे दोन्ही अर्ध सारखेच महत्त्वाचे आहेत. वर्गात आपण पहिला अर्ध सांगतो आणि दुसरा गृहीत धरतो.

रेषा सरळच का येते, हा प्रश्न मुले क्वचित विचारतात, म्हणून तो आपण विचारावा. पहिल्या नळाची ३ मिनिटे म्हणजे ६ लिटर, आणि दुसऱ्या नळाची २ मिनिटे म्हणजेही ६ लिटर. म्हणून क्ष ३ ने वाढला की य नेमका २ ने कमी होतो, मग तुम्ही रेषेवर कोठेही उभे असा. ही अदलाबदल सर्वत्र त्याच दराने होत असल्यामुळे रेषेला वाकायला कारणच उरत नाही. दहावीत भेटणाऱ्या ‘चढ’ या संकल्पनेचे बीज येथेच आहे, आणि हा शब्द न वापरताही ते पेरता येते.

बादलीच्या उदाहरणाची मर्यादाही मुलीला सांगावी. नळ उणे ३ मिनिटे सोडता येत नाही, त्यामुळे बादलीची गोष्ट (०, ४) पासून (६, ०) पर्यंतच चालते. समीकरणाला मात्र बादलीशी देणेघेणे नाही. (−३, ६) हा बिंदू २ × (−३) + ३ × ६ = १२ ही अट पाळतो, म्हणून तो रेषेवर आहे, आणि म्हणूनच रेषा मांडलेल्या बिंदूंपाशी न थांबवता दोन्हीकडे वाढवून टोकांना बाण दाखवायचे असतात. याउलट, नळांऐवजी २ रुपयांच्या गोळ्या आणि ३ रुपयांचे खोडरबर १२ रुपयांत घ्यायचे असते, तर अर्धी गोळी मिळत नसल्याने (०, ४), (३, २) आणि (६, ०) एवढे तीनच ठिपके खरे ठरले असते आणि ते जोडणे चुकीचे झाले असते. बिंदू जोडायचे की नाही हे त्या राशींना मधल्या किमती असतात की नाही यावर ठरते, हा विचार नववीतल्या मुलांना नीट समजतो.

मी हे सारे सुरुवातीपासून असे शिकवत नव्हते. पहिली काही वर्षे मीही सारणी, बिंदू आणि पट्टी एवढेच शिकवत असे, आणि वर्गाच्या वह्या पाहून समाधान मानत असे. एका चाचणीत मी प्रश्न थोडा बदलला: ‘(९, −२) हा बिंदू २क्ष + ३य = १२ या समीकरणाच्या आलेखावर आहे का?’ जवळजवळ सगळ्या वर्गाने आलेख काढायला घेतला. कागद अपुरा पडला म्हणून एका मुलाने दुसरा कागद डिंकाने जोडला आणि रेषा वाढवत नेली. १८ − ६ = १२ एवढे तोंडी करून ‘आहे’ असे लिहिणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्या मुलाच्या चिकाटीचे मला आजही कौतुक वाटते, पण तो जोडलेला कागद माझ्या शिकवण्यातली उणीव होती, हे मला त्या दिवशी कळले.

सतराव्या शतकात देकार्त आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी बीजगणित आणि भूमिती यांची सांगड घातली. देकार्त यांचे त्यावरील लेखन १६३७ मध्ये प्रसिद्ध झाले. फर्मा यांनी मांडलेल्या विचाराचा आशय असा होता, की समीकरणात दोन अज्ञात राशी उरल्या तर त्यांपैकी एका राशीचे टोक सरळ किंवा वक्र रेषा आखत जाते. मला ही कल्पना वर्गासाठी फार मोलाची वाटते. क्ष-अक्षावर प्रत्येक ठिकाणी यच्या उंचीची एक काडी उभी करा. काड्यांची टोके जो मार्ग दाखवतात तो आलेख. आपल्या मराठी पुस्तकांतला ‘बिंदुपथ’ हा शब्द नेमके हेच सांगतो.

काडीवरून मला आपल्याकडचे सर्वांत चांगले उदाहरण सुचले. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. तेथे ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. पावसाळ्यात येथील लहान मुलालाही हे आकडे पाठ असतात. समजा, सकाळी ६ वाजता पाणी ३६ फुटांवर आहे आणि तासाला अर्धा फूट चढते आहे. ६ वाजल्यापासूनचे तास क्ष आणि पातळी य मानली, तर य = ३६ + ०.५क्ष. (हे आकडे मी अभ्यासासाठी घेतले आहेत.) ३६ हा आकडा रेषा य-अक्षावर कोठून निघते ते सांगतो आणि ०.५ हा आकडा ती किती वेगाने चढते ते सांगतो. पाणी इशारा पातळीला कधी लागेल, या प्रश्नाचे उत्तर आलेखावर ४० फुटांची आडवी रेषा आखून मिळते: क्ष = ८, म्हणजे दुपारी २ वाजता. ४५ फुटांची रेषा क्ष = १८ येथे, म्हणजे रात्री १२ वाजता छेदली जाते.

येथे आणखी एक अवघड गाठ सहज सुटते. य = ४० या समीकरणात क्ष दिसतच नाही, म्हणून मुले गोंधळतात. पण इशारा पातळी सकाळी ४० फूट असते, दुपारीही ४० फूट असते. वेळेवर कोणतीही अट नाही, म्हणून क्ष लिहिलेला नाही आणि म्हणूनच रेषा क्ष-अक्षाला समांतर धावते. त्याचप्रमाणे क्ष = ८ म्हणजे दुपारचे २ वाजलेले आहेत, पाणी कितीही असो; ती उभी रेषा झाली. पूर्वीच्या इयत्तांत संख्यारेषेवर क्ष = ८ हा एक बिंदू होता आणि प्रतलात त्याचीच रेषा होते, हे मुलांना खटकते, आणि ते खटकणे रास्त आहे. त्यावर ‘समीकरणात क्ष आहे म्हणून क्ष-अक्षाला समांतर’ असा उलटा नियम मुले मनाने तयार करतात. पाठांतराने तो नियम पुसला जात नाही; वेळ आणि पातळीचा अर्थ लावला की जातो.

पूर या विषयाबाबत एक सूचना करावीशी वाटते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरले अशा घरांतली मुले वर्गात असतात, आणि सर्वांनाच या उदाहरणावर लगेच बोलता येत नाही. अशा वेळी मी उतरत्या पाण्याचा आलेख आधी घेते. तुम्ही विट्याचे असल्यामुळे ठिबकच्या टाकीचे उदाहरण तुमच्या मुलीला अधिक जवळचे वाटेल: टाकीत ५०० लिटर पाणी आहे आणि तासाला ४० लिटर जाते, तर य = ५०० − ४०क्ष, आणि रेषा उतरत जाऊन साडेबारा तासांनी क्ष-अक्षाला मिळते. नदीचे पाणी काही एकसारख्या दराने चढत नाही, कोयनेतून होणारा विसर्ग आणि वरचा पाऊस यांप्रमाणे तो दर बदलतो, म्हणून पुराची सरळ रेषा काही तासांपुरतीच खरी मानावी, हेही मुलांना सांगायला हवे.

प्रमाणाविषयी पुस्तकात एक ओळ असते, पण तो विषय एका ओळीचा नाही. याच पुराच्या आलेखात क्ष-अक्षावर १ सेमी = २ तास घेतले आणि य-अक्षावर १ सेमी = ५ फूट घेतले, तर ९ फूट चढलेले पाणी कागदावर १.८ सेमी चढते आणि रेषा जवळजवळ आडवी दिसते. य-अक्ष ३५ फुटांपासून सुरू करून १ सेमी = १ फूट घेतले, तर तेच पाणी ९ सेमी चढते. पाणी तेच, चित्रे दोन. मुलीला दोन्ही काढायला लावा. प्रमाण लिहिले नाही म्हणून गुण का कापतात, हे तिला त्यानंतर विचारावे लागणार नाही.

आता पुन्हा मूळ समीकरणाकडे. क्षच्या किमती १, २, ३ अशाच घेण्याची सवय मोडली पाहिजे. ३य = १२ − २क्ष असे लिहिले की उजवी बाजू ३ ने भागली जाण्यासाठी क्ष हा ३ च्या पटीत हवा हे दिसते; म्हणून −३, ०, ३, ६ या किमती सोयीच्या आहेत. रेषा ठरायला दोन बिंदू पुरतात, तरीही तिसरा घ्यायचा, कारण तो साक्षीदार असतो. तिन्ही एका रेषेत आले नाहीत तर कोणता तरी बिंदू खोटे बोलतो आहे, एवढेच कळते. कोणता ते कळत नाही. तुमच्या मुलीने मधल्याला दोषी ठरवले आणि पहिला खोटा बिंदू तसाच राहिला. अशा वेळी तिन्ही बिंदूंच्या किमती मूळ समीकरणात घालून पाहाव्यात, कारण न्याय समीकरणच करते, पट्टी करत नाही.

मोबाइलवर जिओजिब्रा हे विनामूल्य साधन आहे आणि ते चांगले आहे, परंतु पहिले आठ-दहा आलेख हाताने काढून झाल्यावर ते द्यावे. त्याआधी दिले तर मुले समीकरण लिहितात, रेषा उमटते, आणि ती तेथेच का उमटली याचा विचार होत नाही. हाताने काढलेला आलेख ताडून पाहण्यासाठी मात्र ते उत्तम आहे.

म्हणून रोज दहा आलेखांऐवजी दोन दिवसांतून एक समीकरण घ्या आणि त्यावर अर्धा तास बसा. तीन खरे बिंदू, रेषेच्या दोन्ही बाजूंचे चार-पाच खोटे बिंदू, कागदावर न मावणारा एखादा दूरचा बिंदू, आणि त्या समीकरणाला शोभेल अशी एक गोष्ट तिने स्वतः रचायची. सुरुवात मात्र नव्या समीकरणाने करू नका. ज्या पानावर रेषा वाकली ते पान वहीत असेल तर तेच उघडा, (१, ३) शेजारी तिला ‘१ लिटर कमी’ आणि खोडलेल्या (२, ३) शेजारी ‘१ लिटर जास्त’ असे लिहू द्या, आणि मग त्याच अक्षांवर, त्या दोन बिंदूंच्या मधून, खरी रेषा काढायला सांगा.